सापडली नाही, कोड सहा

एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास सुविधा चोडणकर हिला कळलं, की आपण सापडत नाही. त्या वेळी ती गोव्यातल्या साखळीच्या बाजारात, औषधाच्या दुकानावरच्या एका खोलीत पंख्याखाली बसून यादी उतरवून काढत होती. डोळ्यांवर चष्मा होता, शेजारी चहाचा कप होता, म्हणजे हरवल्याचं कोणतंही लक्षण नव्हतं. पण कागदावर स्वच्छ लिहिलं होतं: अनुक्रमांक अठ्ठेचाळीस, रेश्मा बाबल वायंगणकर, कोरगाव, तालुका पेडणे. पुढच्या रकान्यात कोड सहा. कोड सहाचा अर्थ 'सापडली नाही'.

आधी तिला हसू आलं. रेश्मा वायंगणकर म्हणजे ती स्वतःच. पंचवीस वर्षांपूर्वी ती कोरगावहून लग्न होऊन मयेला आली, तेव्हा तांदूळ पसरलेल्या ताटात नवऱ्याने अंगठीने 'सुविधा' असं लिहिलं आणि रेश्मा तिथेच राहिली. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, तिलाही नाही. तिच्या बरोबरीच्या सगळ्या मुलींची नावं अशीच बदलली. आडनाव तर बदलतंच, इकडे पहिलं नावही बदलायचं. सासरी गेलेली मुलगी नवं नाव घेऊन वर्षभरात अशी काही रुळायची, की जुन्या नावाने कुणी हाक मारली तर मान वळेलच याची खात्री नसायची.

सुविधा गेली पंधरा वर्षं सर्व्हेचं काम करते. प्राध्यापक लोक शोधनिबंध लिहितात, त्यासाठी गावोगाव फिरून प्रश्न विचारणारं कुणीतरी लागतं. पेडणे आणि डिचोली तालुक्यात ते कुणीतरी म्हणजे ही. गरिबांना आणि बायकांना बँकेशी जोडण्यावर जेवढा अभ्यास या दोन तालुक्यांत झाला, त्यातला निम्मा तरी तिच्या जुन्या स्कूटरवरून झाला आहे. त्या अभ्यासालाही साड्यांच्या डिझाइनसारखी फॅशन असते, हे तिला कोणत्याही परिषदेला न जाता कळलं. सुरुवातीला एकच प्रश्न असायचा, खातं आहे का? मग सगळ्यांची खाती झाली आणि विद्वानांची पंचाईत झाली. मग प्रश्न आला, बँक घरापासून किती लांब? मग, खातं महिन्यात किती वेळा वापरता? मग फोन आले आणि दोन वर्षं ती फक्त फोनबद्दल विचारत फिरली. त्यानंतर घरातले निर्णय कोण घेतं ते एक ते पाच आकड्यांत सांगा, अशी टूम निघाली. कारापूरच्या एका बाईने तिला सुनावलं होतं, "पाचांतले किती? तें त्या दिसा कोण चड भुकेल्लो आसा ताचेर!" म्हणजे त्या दिवशी ज्याला जास्त भूक, निर्णय त्याचा. सुविधाने तिथे तीन लिहिले. तीन लिहिले की कुणी परत विचारत नाही.

यंदाची फॅशन सगळ्यांत नवी होती. एकाच माणसाकडे वर्षानुवर्षांनी पुन्हा जायचं आणि त्याचं पुढे काय झालं ते पाहायचं. प्रज्योत सर, वय अडतीस, एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात, माणूस सज्जन आणि कामाला वाघ. त्यांच्या हाती एक घबाड लागलं होतं. तीस वर्षांपूर्वी पेडण्यातल्या एका पतसंस्थेने शाळाशाळांत जाऊन आठवी-नववीच्या मुलींची बचत खाती उघडली होती. दोनशे बारा मुली. त्यांची नावं, गावं, सगळं एका जुन्या वहीत शाबूत होतं. त्या दोनशे बारा जणी आज कुठे आहेत, त्या खात्यांचं त्यांनी काय केलं, हा सरांचा विषय. पेडण्याच्या गावांत दोन नवे पोरगे पाठवले होते. त्यांनी एकशे एकोणचाळीस शोधल्या. राहिलेल्या त्र्याहत्तर कोड सहा.

सुविधाने तिथूनच कोरगावला भावाच्या घरी फोन लावला. फोन वहिनीने उचलला.

"वयनी, घरा कोण सर्व्हेवाले आयिल्ले?"

"इल्ले गो दोन पोरगे, फायली घेवन. रेश्मा खंय रवता म्हणान विचारी होते. मी सांगलंय, अशी कोण नाय हंय."

"वयनी, रेश्मा म्हणजे मी."

पलीकडे मिक्सर बंद झाला. मग वहिनी म्हणाली, "अगे, माका काय खबर? तुझे भाव तुका सुविधाच म्हणतत."

फोन ठेवल्यावर मात्र सुविधाला हसू आलं नाही. ज्या घराच्या अंगणात ती एकोणीस वर्षं रेश्मा म्हणून वाढली, तिथे 'अशी कोण नाय' असं उत्तर मिळालं होतं, आणि ते देणारीचा काही दोषही नव्हता. तिला रडू आलं. ती तोंड धुऊन आली. आणि मग तिला आणखी एक गोष्ट आठवली. पंधरा वर्षांपूर्वी पहिल्या सर्व्हेच्या शिकवणीत प्रत्येकीला सरावासाठी स्वतःचाच फॉर्म भरायला दिला होता. 'खातं आहे का?' या प्रश्नापुढे तिने लिहिलं होतं, नाही. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. शाळेतलं ते खातं रेश्माचं होतं, माहेरचं होतं. सुविधाचं कुठे होतं? आणि त्यानंतर गावागावांतल्या किती बायकांनी तिला तसंच सांगितलं असेल, आणि तिने किती 'नाही' लिहून घेतली असतील! ते सगळे आकडे आता छापील निबंधांत जाऊन बसले होते. त्यांना हात लावणं शक्य नव्हतं. या त्र्याहत्तरांना मात्र शक्य होतं.

दुपारी प्रज्योत सर आले. तिने यादी त्यांच्यापुढे ठेवली आणि अठ्ठेचाळीस नंबरावर बोट ठेवलं. "सर, ही मी."

सर आधी चकित झाले, मग खूश झाले, मग विचारात पडले. "म्हणजे एक सापडली. बहात्तर राहिल्या."

"बहात्तरही सापडतील. त्या सगळ्या लग्न होऊन नावं बदलून बसल्या आहेत. पोरांनी मतदार यादीत जुनी नावं शोधली. कशी मिळणार?"

"सुविधाताई, असा अभ्यास म्हटला की तिसरा हिस्सा गळतोच. जगात सगळीकडे गळतो. आपण तसं एक वाक्य लिहितो आणि पुढे जातो." सरांचा निबंध जवळजवळ लिहून झाला होता. एकतीस मेपर्यंत तो दिल्लीच्या परिषदेला पाठवायचा होता. निष्कर्षही ठरला होता: शाळेत उघडलेली खाती पुढे मुली सोडून देतात, त्यांना त्यांचं महत्त्व वाटत नाही.

"महत्त्व वाटत नाही?" सुविधा म्हणाली. "कुणाला विचारून लिहिलं?"

"ज्या सापडल्या त्यांना."

"सापडल्या त्या गावातच राहिलेल्या. गेलेल्यांना विचारलंच नाही तुम्ही."

सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या त्या सवयीचा अर्थ तिला ठाऊक होता: मुद्दा पटला आहे, पण सोय नाही. ते म्हणाले, "बारा दिवस उरलेत. बजेट संपलं. पोरगे परीक्षेला गेले."

"बारा दिवस द्या मला. बजेट मी मागितलं नाही."

हे ती बोलली खरी, पण बाहेर स्कूटरला किल्ली लावताना तिने हिशेब केला. बारा दिवसांत बहात्तर बायका! त्या सापडल्या नाहीत, तर एका छापील कागदावर कायमचं लिहिलं जाणार होतं, की या बायकांना कशाचं महत्त्व वाटत नाही. आणि त्यांत ती स्वतःही होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे, पोदेर पाव घेऊन यायच्या आत, ती निघाली. तिची पद्धत साधी होती. नाव विचारायचंच नाही. पेडण्याच्या गावात शिरायचं, घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस शोधायचं आणि विचारायचं, अमक्याची धाकटी कुठे दिली? मुलीचं नाव लोक विसरतात, पण ती कुठे दिली हे विसरत नाहीत. पालयेतल्या एका आजोबांना स्वतःचं वय सांगता येईना, पण चार घरांतल्या सात मुली कुठल्या गावात, कुणाच्या घरी पडल्या, ते त्यांनी दम न घेता सांगितलं. मोरजीत तर एक बाई पाहुण्यांच्या खोल्यांच्या चादरी वाळत घालताघालता बोलत राहिली, आणि चादरी संपेपर्यंत पाच पत्ते मिळाले. तिसऱ्या दिवशी सुविधाच्या वहीत एकोणतीस गावं झाली होती, बहुतेक सगळी डिचोली तालुक्यातली.

मग दारोदार. इथे तिने स्वतःशी एक नियम केला. नवं नाव कळलेलं असलं तरी दारात हाक जुन्याच नावाने मारायची. वहीत जे नाव आहे ते त्या माणसाने स्वतः कबूल केल्याशिवाय फॉर्म भरायचा नाही, हे तिला सरांनीच शिकवलं होतं. लामगावला ती 'सोनम' म्हणून हाक मारती झाली, तर आतून कॉलेजात जाणारी मुलगी आली आणि म्हणाली, सोनम कोण? तिच्या मागे पिठाच्या हातांनी तिची आई उभी होती. आपल्या आईचं नाव सोनम होतं, हे त्या मुलीला वयाच्या अठराव्या वर्षी, परक्या बाईकडून कळलं. मुळगावात एकीने सुविधाला नुसतं घट्ट धरून ठेवलं. एकीने मात्र दार लावून घेतलं. मला जुनं काही नको, असं ती आतून म्हणाली. सुविधाने तेही खरंखुरं लिहिलं.

आणि एक गोष्ट घरोघर सारखी निघायला लागली. पासबुक. कुठे लग्नातल्या शालूच्या घडीत, कुठे देवघराच्या खणात, पण ते होतं. बायकांनी ते टाकलं नव्हतं. बहुतेक जणी लग्नानंतर एकदा तरी ते घेऊन पतसंस्थेत जाऊन आल्या होत्या. खिडकीतल्या माणसाने पासबुकातलं नाव पाहिलं, समोरच्या बाईच्या कागदावरचं नाव पाहिलं आणि सांगितलं, ही तुम्ही नव्हे. पुन्हा जायला नवरा, सासू, बस, कामं, सगळ्यांची परवानगी लागायची. बायका परत गेल्या नाहीत. यालाच निबंधात 'सोडून देणं' म्हटलं होतं. सुविधाचा असा काही संताप झाला, की त्या दिवशी तिने जेवण न करता आणखी तीन घरं केली.

सातव्या दिवशी तिच्या स्वतःच्या फॉर्मचा प्रश्न आला. स्वतःच स्वतःला प्रश्न विचारायचे नाहीत, हाही सर्व्हेचा नियम. मग तिने नवऱ्याच्या हाती पेन दिलं. कृष्णनाथ पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचा, आता शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. बोलतो कमी, अक्षर मात्र सुंदर. तो मेजापाशी कदेल ओढून, परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसला.

"नांव?"

"रेश्मा बाबल वायंगणकर."

त्याने ते सावकाश लिहिलं. मग पेन तसंच धरून विचारलं, "तुका तें नांव आवडलें काय गो? हांवें दिल्लें तें?"

"पंचवीस वर्सांनी विचारतात?"

"केन्ना तरी विचारूंक जाय आसलें."

खरं काय ते सांगायचं तिने ठरवलं होतं, तर इथेही तेच. "आवडलें," ती म्हणाली. "पूण पयलेंय आवडतालें." कृष्णनाथने मान हलवली आणि पुढचा प्रश्न वाचला. त्या संध्याकाळी त्याने आपणहून स्कूटरचं तेल बदलून ठेवलं.

अकराव्या दिवशी ती साखळीच्या खोलीत गेली तेव्हा तिच्याकडे स्वतःचा धरून पंचावन्न भरलेले फॉर्म होते. चार जणी वारल्या होत्या. नऊ जणी मुंबई, पुणे, बेळगाव अशा पांगलेल्या, त्यांचे फोन मिळाले होते. दोघींचा मात्र ठावठिकाणा लागला नव्हता. आणि तीन घरांचे पत्ते हातात होते, तिथे अजून जायचं होतं.

प्रज्योत सरांनी गठ्ठा चाळला. जसजसे चाळत गेले तसतसा त्यांचा चेहरा उतरत गेला. "ताई, याने माझा निष्कर्षच उलटतो."

"उलटू दे."

"तसं नसतं. पहिल्या एकशे एकोणचाळीस एका पद्धतीने शोधल्या, या दुसऱ्या पद्धतीने. परिषदेत कुणीही उठून म्हणेल, तुमच्या बाईंनी दारात जाऊन जुनं नाव घेतलं, बायका हळव्या झाल्या आणि हवं ते बोलल्या. मला उत्तर देता येणार नाही." ते वाईट माणूस नव्हते. खरंच अडचणीत होते. या निबंधावर त्यांची बढती अडली होती आणि तारीख उद्याची होती. "हे पुढच्या वर्षी वेगळं लिहू. आता मूळचंच पाठवतो."

सुविधा उभीच होती. पुढचं वर्ष म्हणजे काय ते तिने पंधरा वर्षं पाहिलं होतं. पुढच्या वर्षी फॅशन बदलते. ती म्हणाली, "सर, पंधरा वर्षं तुम्ही लोक मला प्रश्न लिहून देता आणि मी विचारते. एकदा तुम्ही चला. तीन घरं राहिलीत. कुठलं ते तुम्ही निवडा. मी एक नाव घेईन, त्यापुढे तोंड उघडणार नाही. प्रश्न तुम्ही विचारा. ती बाई हळवी होऊन खोटं बोलते असं वाटलं, तर पंचावन्न फॉर्म मी स्वतः फाडते."

सरांनी पत्त्यांच्या तीन चिठ्ठ्यांतून एक उचलली. अनुक्रमांक एकतीस. सिद्धी मांद्रेकर, तुये. आता नार्वे.

नार्व्याच्या त्या घराच्या ओसरीवर उघड्या जनेलाखाली कोकमाची सोलं वाळत घातली होती आणि ऐंशीच्या पुढची एक म्हातारी ती उलटीपालटी करत होती. सुविधाने चपला काढल्या आणि हाक मारली, "सिद्धी आसा?"

"सिद्धी?" म्हातारीने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "तशें कोण ना हांगा. घर चुकलें तुमचें, बाये."

सरांनी सुविधाकडे पाहिलं. ती ठरल्याप्रमाणे गप्प. पंचावन्न फॉर्म पिशवीत होते. तेवढ्यात आतलं भांड्यांचं पाणी थांबलं आणि पंचेचाळिशीची एक बाई ओल्या हातांनी, हाक ऐकून जवळजवळ धावतच बाहेर आली. "कोणें आपयलें म्हाका?"

"तुका खंय गो?" म्हातारी म्हणाली. "तुजें नांव विमला."

"आये, तें म्हजें कुळारचें नांव."

म्हातारी सासू सुनेकडे बघतच राहिली. एका चुलीवर जेवून इतकी वर्षं झाली होती आणि हे माहेरचं नाव तिच्या कानावर पहिल्यांदा पडत होतं, किंवा पडून विसरलं गेलं होतं.

सरांनी प्रश्न विचारले. एकही शब्द इकडचा तिकडे न करता, फॉर्मवर होता तसाच. विमला आत गेली आणि पिठाच्या डब्यांमागून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक घेऊन आली. आतल्या फोटोत दोन वेण्यांची मुलगी होती. विमला लग्नानंतर तिसऱ्या वर्षी, मुलाला कडेवर घेऊन, दोन बस बदलून पेडण्याला गेली होती. खिडकीतल्याने विचारलं, ही तूच कशावरून? तिला काय सांगावं ते सुचेना. ती तशीच परत आली.

"मग हे ठेवलं कशाला इतकी वर्षं?" हा प्रश्न फॉर्मवर नव्हता. सरांच्या तोंडून तो निघून गेला.

"उडोवन कशें दितलें?" विमला म्हणाली. ती रडली नाही, हळवी झाली नाही, तिला प्रश्नच जरा खुळा वाटला असावा. "त्या नावाची म्हजेकडेन तीच एक वस्त आसा."

प्रज्योत सरांनी पेनाला टोपण लावलं. बराच वेळ ते त्या दोन वेण्यांकडे पाहत होते. मग सुविधाला म्हणाले, "उद्याची तारीख जाईल ताई. जाऊ दे. मूळचं नाही पाठवत. हे सगळं घालून पुन्हा लिहायचं, आणि कशा शोधल्या तेही तुमच्या नावानिशी लिहायचं."

फॉर्मची पिशवी सुविधाने एवढा वेळ दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, ती आता कुठे खाली ठेवली. विमलाने चहा टाकायला आत वळावं आणि यांनी नको नको म्हणावं, असं चाललं होतं. म्हातारी मात्र सोलं सोडून सरांच्या हातातल्या कागदाकडे पाहत होती.

"आनी म्हजें?" ती म्हणाली.

सर वळले. "आजी, तुमचं नाव?"

"हांगा पद्मावती. पूण तें न्हय." ती आठवत होती. ओठ हलत होते. सून दारात थबकली. "शेवंती," म्हातारी म्हणाली. "शेवंती म्हणटालीं म्हाका."

म्हातारी यादीत नव्हती, नमुन्यात नव्हती. फॉर्मवर तिला जागा नव्हती. सरांनी कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर तारीख टाकली आणि सवयीने विचारलं, "खातं आहे?"

"खातें-बितें कांय ना. नांव तेवडें बरय."

त्यांनी लिहिलं.

"बरयलें? वाच पळोवया."

"शेवंती," प्रज्योत सरांनी मोठ्याने वाचलं.

आणि म्हातारीने ओ दिली.